पेल्यातले अर्थशास्त्र



पोर्ट हे मद्य जेवणानंतर लहान पेल्यातून, सावकाश, सुरई डावीकडे सरकवीत घ्यावे, असा इंग्रजी रिवाज आहे. पोर्तुगालच्या डौरो खोऱ्यात द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचाच तीव्र मद्यार्क मिसळतात. किण्व मरते, साखर शिल्लक राहते आणि सुमारे २० टक्के मद्यार्काचे गोड मद्य तयार होते.

या गोडीमागे एक करार आहे. १७०३ च्या मेथ्युएन करारान्वये पोर्तुगालने इंग्रजी लोकरी कापडास आपला बाजार खुला केला. बदल्यात पोर्तुगीज मद्यावर फ्रेंच मद्याहून एक-तृतीयांश कमी जकात ठरली. १८१७ साली रिकार्डोने याच दोन वस्तू घेऊन तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त मांडला. पोर्तुगालात मद्यास ८० माणसांचे श्रम लागतात, कापडास ९०; इंग्लंडात अनुक्रमे १२० व १००. म्हणून पोर्तुगालने मद्य करावे, इंग्लंडने कापड, हित दोघांचेही.

गणित निर्दोष आहे. मीही ते वर्षानुवर्षे फळ्यावर मांडले. परंतु ती ८० माणसे कोण, हे त्यात कोठेच नाही. खडकाळ उतारावर पायऱ्या बांधणारे, हौदात तासन्‌तास द्राक्षे तुडविणारे ते मजूर होते. पुढे इंग्लंडच्या कापडधंद्यात यंत्रे आली. डौरोच्या डोंगरावर पाठीवरची पाटी दीर्घकाळ तशीच राहिली.

मद्याच्या आस्वादाविषयी माझी तक्रार नाही. परंतु व्यापाराने दोन राष्ट्रांचा लाभ झाला असे कोणी सांगितले, तर ‘त्या राष्ट्रांतील कोणाचा?’ हे विचारल्यावाचून आपण उठता कामा नये.