सारखी दिसते म्हणून जोडू नका



माझी लेक बास गिटार वाजवते. पूर्वीचे बासचे अ‍ॅम्प उचलायला दोघं लागायचे, हिचा दप्तरात मावतो. आतला जडशीळ ट्रान्सफॉर्मर गेला, वजन घटलं. पण बासची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. तो खर्ज घुमवायला स्पीकरची पेटी मोठीच लागते. म्हणून अ‍ॅम्प वेगळा, पेटी वेगळी, आणि मधली केबल आपण जोडायची.

तिथेच आम्ही चुकलो. कार्यक्रमाच्या घाईत गिटारचीच केबल पेटीला लावली. पिन अगदी सारखी! थोड्या वेळात केबल गरम, आवाज तुटक. नशीब, अ‍ॅम्प वाचला.

गिटारच्या केबलीत एक बारीक तार आणि भोवती जाळी असते. ती नाजूक सिग्नलसाठी. पेटीकडे जोरदार करंट जातो, त्याला दोन जाड तारा हव्यात. शक्यतो फिरवून बसणारी स्पीकॉन पिन घ्या. ती गिटारच्या सॉकेटमध्ये शिरतच नाही.

ओहमही पाहा. अ‍ॅम्पवर 'किमान ४' लिहिलं असेल, तर ८ ओहमच्या दोन पेट्या चालतील, ४ च्या दोन नाहीत.

आजच स्पीकरच्या केबलीला लाल चिकटपट्टी लावून ठेवा. घाईत तीच उपयोगी पडते.