पाण्यावरचा भोवत्या

मंडळी, आज आम्ही तुम्हाला एका पाखराची हकिगत सांगतो. ती ऐकीव नाही. डोळ्यांनी पाहिलेली आहे.

नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वर आहे. तेथे गोदावरी आणि कादवा या नद्या मिळतात. तेथे बंधारा आहे. बंधाऱ्यामागे उथळ पाणी, गाळ आणि लव्हाळ्याची बेटे. हिवाळ्यात तेथे दूर उत्तरेकडून बदके येतात. आमच्या मामांचे गाव त्याच काठाला.

साल १९७०. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. मामांजवळ ठासणीची बंदूक होती. पहाटे आम्ही दोघे लव्हाळ्यात दडून बसलो. थंडी अशी, की दातावर दात वाजत होते. समोर बदके होती. वारकरीही होते. वारकरी म्हणजे काळे पाणपाखरू. त्याच्या कपाळावर पांढरा टिळा असतो.

मामा हळूच म्हणाले, "आभाळाकडं बघू नको. पाण्याकडं बघ. वर कोण आलंय ते बदकंच सांगतात."

ते खरेच आहे. मासे धरणारी घार आली, तर बदके फारशी हालत नाहीत. तिला मासे हवे असतात. बहिरी ससाणा उडते पाखरू हवेत मारतो. म्हणून तो दिसला, की बदके पाणी सोडत नाहीत. भोवत्याचे उलटे. तो लव्हाळ्यावरून अगदी खालून तरंगत येतो आणि बसलेले पाखरू धरतो. तो आला, की बदके भर्रकन उडतात. वारकरी एकमेकांना खेटून गोळा होतात.

मामांनी बार काढला. दोन बदके पडली. तिसऱ्याचा पंख मोडला. ते लव्हाळ्यात शिरले. आम्ही गुडघाभर चिखलात शोधले, पण सापडले नाही.

तेवढ्यात भोवत्या आला. तपकिरी अंग, डोके पिवळसर. एक घिरटी घेतली आणि लव्हाळ्यात उतरला.

"चोर लेकाचा!" मामा म्हणाले. ते बंदूक ठासू लागले. भोवत्या शिकारीवर बसून होता. ठासायला वेळ लागतो. तेवढ्यात आम्हाला "नको" म्हणता आले असते. आम्ही म्हणालो नाही.

बार झाला. जाऊन पाहिले. भोवत्या मेला होता. त्याच्या पायांत ते बदक होते. पंखात आमचेच छर्रे.

आम्ही म्हणालो, "मामा, हे आपण जखमी केलेलं."

"म्हणून तर आपलं होतं," मामा म्हणाले. पण घरी येईपर्यंत ते बोलले नाहीत. रात्री आमच्या घशाखाली घास उतरेना.

१९७२ साली वन्य जीवांच्या रक्षणाचा कायदा झाला. १९८६ साली ते पाणी अभयारण्य झाले. मामांची बंदूक त्याआधीच माळ्यावर गेली होती. पुढे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, म्हणजे रामसर यादीत, त्याचे नाव लागले. महाराष्ट्रातले ते पहिलेच.

मामा म्हातारे झाले, डोळे गेले. एका हिवाळ्यात आम्ही त्यांना हात धरून काठावर नेले. बराच वेळ ते गप्प बसून होते. एकदम पाण्यावर फडफडाट झाला.

"आला बघ भोवत्या," मामा म्हणाले.

आम्ही मान वळवली. तो लव्हाळ्यावरून येत होता.