गिझर पेटत नाही तेव्हा

मंडळी, निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या की मनमाडच्या गॅस मेकॅनिकचा फोन खाली राहत नाही. तक्रार बहुतेक एकच असते : ‘गिझर पेटत नाही.’ पानेवाडीहून भरलेल्या सिलिंडरच्या गाड्या आपण रोज पाहतो, त्यामुळे गॅसची आपल्याला भीती उरलेली नाही. भीती नसावीच. पण न पेटणाऱ्या गिझरवर आपण चिडतो आणि काहीही करून तो पेटवायला निघतो, तिथे माणसं दगावतात. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

इथे निम्मी मंडळी रेल्वेतली आहेत. ब्रेकचा पाइप तुटला तर गाडी सुसाट सुटत नाही, उभी राहते. दाब गेला की ब्रेक लागतात, तशी रचनाच आहे. गॅसची उपकरणंही याच विचारानं बांधलेली असतात. शंका आली की बंद.

गिझरमध्ये हे कसं घडतं ते बघा. नळ सोडला की पाण्याच्या जोरानं आतला रबरी पडदा सरकतो आणि एक छोटा स्विच दाबला जातो. मग दोन जाड सेलवर चालणारी पेटी ठिणग्या टाकते आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडते. बर्नरजवळची एक पिन ज्योत लागली का ते पाहते. काही सेकंदांत ज्योत दिसली नाही तर व्हॉल्व्ह पुन्हा मिटतो. पाणी नाही, तर गॅस नाही. ज्योत नाही, तरी गॅस नाही.

आता आपलं पाणी. वर्षानुवर्षं मनमाडकर पाणी साठवूनच वापरत आले. नळाचं, टँकरचं, बोअरचं, सगळं एकाच टाकीत. तळाचा गाळ हळूहळू गिझरच्या तोंडाशी येतो. रेग्युलेटर बंद करा, सेल काढा, पाण्याचा कॉक बंद करा आणि इनलेटचा नट सोडवा. आत नखाएवढी जाळी असते. आपल्याकडे ती बहुधा करड्या चिखलानं लिंपलेली निघते. जुन्या टूथब्रशनं घासून, वाहत्या पाण्याखाली धरून ती परत बसवा. सेल नवे घाला, दोन्ही एकदमच बदला. नुसती टिकटिक होते आणि ज्योत लागत नाही, तेव्हा दोष पुष्कळदा सेलचाच असतो. टाकी गिझरपेक्षा फार उंच नसेल तर पाण्याला जोरच मिळत नाही. मग गिझर उघडून काही हाती लागणार नाही. बोअरच्या क्षारांनी कॉइल भरली असेल, तर ते काम मेकॅनिकचं.

घरच्या माणसानं एवढंच करावं. पुढे पत्रा उघडून आत हात घालू नये. आणि एक वाक्य कुणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवावं : ‘काका, सेन्सर डायरेक्ट करून देतो, परत त्रास नाही.’ डायरेक्ट करणं म्हणजे तारा परस्पर जोडून राखणदाराला हाकलणं. बरेच गिझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात. तोही बिघाड नव्हे.

गळतीची तपासणी मात्र प्रत्येकाला यायला हवी. साबणाचा फेस ब्रशनं नळीच्या दोन्ही टोकांना आणि जोडांना लावा. बुडबुडा फुगला की गळती. काडी ओढून कधीही पाहू नका. नारंगी सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली की ती वरून चांगली दिसली तरी बदला. गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. म्हणून वास आला तर विजेचं बटण चालू-बंद काहीच करू नका, दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर या आणि १९०६ ला फोन लावा.

पण त्या वासावर आपण जरा जास्तच विसंबतो. गॅसला स्वतःला जवळजवळ वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळतात. ते गॅसबरोबर जळून जातं. जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक ओढीनं चिकटतो.

थोडा हिशेब करू. चार फूट बाय सहा फुटांचं, आठ फूट उंचीचं न्हाणीघर म्हणजे साडेपाच घनमीटरही हवा नाही. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर तासाला साधारण ९०० ग्रॅम गॅस जाळतो. म्हणजे दहा मिनिटांत १५० ग्रॅम, आणि तेवढ्यासाठी त्याला सुमारे दोन घनमीटर हवा लागते. थंडी म्हणून खिडकीला पुठ्ठा लावलेला, दाराच्या फटीत टॉवेल कोंबलेला. आत माणूसही श्वास घेतोय. अशा न्हाणीघरात माणूस कोसळण्याला डॉक्टरांच्या लेखनात ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असं नावच पडलं आहे. यावर उपाय एकच आहे. गिझर न्हाणीघराबाहेर, उघड्या गॅलरीत लावावा आणि गरम पाणी पाइपानं आत न्यावं.

तुमच्यापैकी कुणाची मुलं अमेरिकेत असतील, तर त्यांच्या तळघरात घर तापवणारी गॅसची भट्टी, फर्नेस, पुष्कळदा असते. तिथे आधी धूर ओढणारा पंखा फिरतो. त्यानं खरोखर ओढ घेतली हे दाबाच्या स्विचला पटलं, तरच बर्नर पेटतो. चिमणीत बर्फ वा पक्ष्याचं घरटं अडकलं तर भट्टी पेटतच नाही. शिवाय घरात मोनॉक्साइडचा अलार्म असतो. आपल्या साध्या गिझरला बहुतेक वेळा ना पंखा, ना धुराडं. म्हणून तो अलार्म आपल्याकडेही हवा. सेलवर चालतो, बाजारात मिळतो. मुलं सुट्टीत येताना काय आणू विचारतात, तेव्हा हा सांगा.

एवढं करूनही कुणी आत कोसळलं, तर दार तोडा. उचलून उघड्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ ला फोन करा. सोडवणाऱ्यानंही आत रेंगाळू नये. दवाखान्यात पोचताच डॉक्टरांना सांगा, न्हाणीघरात गॅस गिझर चालू होता. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर मोनॉक्साइडनं भरलेलं रक्तही ऑक्सिजनचं समजून ९८ दाखवू शकतं, आणि नुसती चक्कर आली असावी असं वाटून तासभर वाया जातो. गिझरचं नाव कळलं की डॉक्टर तो आकडा बाजूला ठेवून लगेच मास्कनं पूर्ण ऑक्सिजन सुरू करतात.