मोबाइलवर जनावर, ट्रॅक्टर विकताना



खिल्लार बैल विकायचा म्हटलं की पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, नाहीतर खरसुंडीचा बाजार गाठायचा, ही आपली रीत. रुमालाखाली बोटं धरून सौदा व्हायचा, इसार घ्यायचा आणि नोटा मोजून झाल्यावर मगच दाव्याला हात लावू द्यायचा. यात्रा आजही भरतात. पण आता पुष्कळ जण बैलाचा, म्हशीचा किंवा जुन्या ट्रॅक्टरचा फोटो मोबाइलवर टाकतात आणि घरबसल्या गिऱ्हाईक बघतात. त्यात गैर काही नाही. फरक एवढाच, की बाजारात गिऱ्हाईक तोंडासमोर असतं, इथं नुसता आवाज असतो.

मागं माण तालुक्यात एका शेतकरीदादांची गाठ पडली. त्यांनी बैलजोडीचा फोटो टाकला आणि तासाभरात फोन आला. "मी फौजेत आहे. जोडी गावी वडिलांना द्यायची आहे. तुम्ही म्हणाल तो भाव." घासाघीस नाही, दात बघणं नाही, चालवून बघणं नाही. वर वर्दीतला फोटो आणि ओळखपत्रही पाठवलं. आपल्या साताऱ्यात अपशिंगेसारखं गाव 'मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं. फौजी म्हटलं की आपण डोळे झाकून विश्वास ठेवतो. चोरानं नेमकं तेच हेरलं. खरं तर बैल न बघता बैलाचा भाव मान्य करणारा माणूस बैल घेणारा नव्हेच, हे दादांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण चांगला भाव ऐकला की माणूस थोडा सैल पडतो.

मग इसार पाठवतो म्हणून त्यानं एक चौकोनी कोड पाठवला. "हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील." दादांनी पिन टाकला आणि खात्यातले दहा हजार गेले. "चुकून झालं, परत पाठवतो, पुन्हा एकदा करा." पुन्हा दहा हजार गेले.

आता नीट ध्यानात घ्या. तुमचा पिन म्हणजे पेटीची किल्ली. पैसे बाहेर काढायचे असले की ती लागते. पैसे खात्यात यायचे असतील तर ना पिन लागत, ना समोरच्याचा कोड स्कॅन करावा लागत, ना ओटीपी सांगावा लागत. घेणाऱ्यानं तुमचा कोड स्कॅन करायचा, तुम्ही त्याचा नाही.

दुसरी युक्ती म्हणजे खोटी पावती. 'पैसे पाठवले' असा फोटो दाखवतात, किंवा बँकेसारखा मेसेज येतो. कधी मुद्दाम जास्त रक्कम दाखवून "वरचे परत पाठवा" म्हणून घाई करतात. अशा वेळी फोटो आणि मेसेज बाजूला ठेवा. खात्यातली शिल्लक स्वतः बघा, पासबुक भरून घ्या, नाहीतर बँकेत विचारा. शिल्लक वाढली नसेल तर दावं सोडू नका, मग टेम्पो दारात उभा असला तरी चालेल.

मोठी रक्कम असेल तर दोघांनी मिळून बँकेत जावं. 2 लाख आणि त्यावरची रक्कम आरटीजीएसनं घेता येते. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला 2017 पासून प्राप्तिकर कायद्यानं मनाई आहे. त्याखालची रोख असेल तर ती बँकेच्या खिडकीवरच मोजून भरा, म्हणजे नकली नोट तिथंच कळेल. चेक दिला तर तो वटेपर्यंत माल द्यायचा नाही. चेक भरल्याची स्लिप म्हणजे पैसे नव्हेत. आणि चेक परत आलाच, तर बँकेनं कळवल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे द्यायला 15 दिवस असतात. तेवढ्यात दिले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार करावी लागते. "आज देतो, उद्या देतो" ऐकत बसाल तर मुदत निघून जाईल.

ट्रॅक्टरचं आणखी एक आहे. नुसत्या स्टँपवर लिहून गाडी देऊ नका. आरटीओकडे फॉर्म 29 आणि 30 भरून नाव बदलून घ्या. कोऱ्या फॉर्मवर सही तर नकोच. कागदावर नाव तुमचं राहिलं आणि अपघात झाला, तर भरपाईसाठी तुम्हालाच धरतात. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये तसा निकाल दिला आहे.

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या द्राक्षबागायतदारांना हे नवं नाही. फळं-भाजीपाला 2016 मध्ये बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला. बागेतून माल देता येतो हे चांगलंच, पण अशा सौद्यात पैशाची काळजी आपणच घ्यायची असते. पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोखीनं, तिसरीचे उधार, असा व्यापारी दिसला की तिसरी गाडी भरू नये. त्याचा आधार, गावचा पत्ता आणि गाडीचा नंबर आधीच लिहून घ्यावा.

फसवणूक झालीच तर लाजून घरात बसू नका. लगेच, अगदी त्याच तासात, 1930 या नंबरला फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी कळलं तर ते गोठवता येतात. बँकेलाही कळवा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. त्याचे मेसेज, नंबर आणि फोटो मोबाइलमधून पुसू नका.

माणच्या दादांनी चौथ्या दिवशी तक्रार दिली, तोवर पैसे निघून गेले होते. जोडी मात्र दावणीलाच होती. ती त्यांनी पुढं पुसेगावात विकली, रुमालाखाली बोटं धरून.