फोटो काढण्याआधी



अध्यक्ष केलंत, फेटा बांधलात, आभारी आहे. फेटा डोक्यावर आहे तोवर थोडं कडू बोलून घेतो.

२०१६ साली घरांच्या विक्री-व्यवहारांवरचा रेरा कायदा आला, २०१७ पासून त्याचं राज्यातलं प्राधिकरण, महारेरा, सुरू झालं. आपल्याला, म्हणजे घरविक्रीच्या एजंटांना, नोंदणी सक्तीची झाली आणि २०२३ मध्ये तर प्रशिक्षण-परीक्षाही आली. पन्नाशीत परीक्षा म्हणून आपल्यातल्या कित्येकांनी नाकं मुरडली. झालं ते बरंच झालं. पण ही सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीपुरती. कोथरूडच्या जुन्या सोसायटीत, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला काढणाऱ्या आजींना तिचा काय उपयोग? त्यांच्या दारात फक्त आपण उभे असतो.

आणि पहिल्याच भेटीत आपण भाव फुगवून सांगतो. दुसऱ्यानं नव्वद लाख सांगितले की आपण पंच्याण्णव सांगायचे, म्हणजे काम आपल्याकडे. मग गिऱ्हाईक फिरकत नाही, घर बाजारात शिळं होतं आणि शेवटी ‘आजी, मार्केट पडलंय’ म्हणून ऐंशीला उरकायचं. खरं तर त्याच गल्लीतले अलीकडचे व्यवहार नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स-टूमध्ये बघता येतात. ते काढून आजींसमोर ठेवायला अर्धा तास लागतो. काम हातचं जाईल या भीतीनं आपण तो काढत नाही.

कागदांचं तर विचारूच नका. फ्लॅट आजोबांच्या नावावर, आजोबा गेले, नॉमिनी आजी. सोसायटीनं शेअर सर्टिफिकेटवर आजींचं नाव चढवलं की घरच्यांना वाटतं, मालकी झाली. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल तर मुलांचाही हिस्सा असतोच, लग्न होऊन न्यू जर्सीला गेलेल्या मुलीचासुद्धा. तिनं हक्कसोडपत्र द्यावं लागेल किंवा विक्रेती म्हणून सही करावी लागेल. सही केली तर तिच्या हिश्श्यावरच्या टीडीएसला आपला पाठ झालेला, पन्नास लाखांवरचा एक टक्का लागू होत नाही. अनिवासी विक्रेत्याचा नियम वेगळा आणि कापली जाणारी रक्कम बरीच मोठी. हे कधी कळतं? टोकन घेऊन झाल्यावर, खरेदीदाराच्या बँकेचा वकील फाइल परत पाठवतो तेव्हा. तोवर आजींनी त्या टोकनच्या भरवशावर दुसरीकडे विसार दिलेला असतो. म्हणून माझं सांगणं एवढंच, की फ्लॅटचे फोटो काढण्याआधी कागद मागा. वाचता येत नसतील तर वकिलाला दाखवा, त्याची फी आधीच सांगा.

सोसायटीचंही तेच. महापालिका हद्दीत हस्तांतर अधिमूल्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये, असं २००१ पासून शासनानं ठरवून दिलंय. तरी ‘ऐच्छिक देणगी’च्या नावाखाली लाख-लाख मागितले जातात आणि ‘देऊन टाका, उगाच अडेल’ असा सल्ला आपणच देतो. रोखीबद्दल मी बोलत नाही. विसारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो, हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आता अवघड मुद्दा. आपण दलाली दोन्हीकडून घेतो. आजींना चढा भाव हवा, खरेदीदाराला उतरता. मग घासाघीस चालू असताना आपण नेमके कुणाचे? कोणीतरी म्हणेल, प्रथाच आहे. असू दे. पण ती आजींना माहीत असायला नको का?

दुपारच्या सत्रात लेखी करारनाम्याचा मसुदा येतोय. अपेक्षित भाव, मुदत, टक्केवारी, जीएसटी वेगळा की धरून, आणि खरेदीदाराकडूनही दलाली घेणार असू तर त्याची स्पष्ट नोंद. हे शेवटचं कलम गाळावं अशा दोन सूचना माझ्याकडे आल्या आहेत. अध्यक्ष म्हणून त्या मी मतदानाला टाकीन. माझं स्वतःचं मत दोन्हींच्या विरोधात पडेल.