फिल्मचा नाद

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘छायाचित्रण’ हा विषय दिला, तेव्हा मी तेथल्या तेथे एक अट घातली, की बोलेन ती फिल्मवरच्या फोटोंविषयीच बोलेन. हल्ली फोटो कोण काढीत नाही? दारापुढची रांगोळीसुद्धा मोबाईलात आल्यावाचून पुसली जात नाही. त्याला माझी हरकत नाही; माझ्याही पर्समध्ये मोबाईल आहेच. परंतु आपल्या जठारपेठेत आम्ही चारपाचजणी अशा आहोत, की ज्यांना कॅमेऱ्यात रोल घालून मोजके बारा किंवा छत्तीस फोटो काढण्याचा नाद लागलेला आहे. शेजारच्या एक काकू मला म्हणाल्या, “काय व माय, मोबाईलात तं लगेच दिसते, तुह्या या डब्यातलं कई दिसन?” प्रश्न रास्त आहे. कधी आठ दिवसांनी दिसते, कधी दोन महिन्यांनी, आणि कधी मुळीच दिसत नाही.

माझा डबा म्हणजे ‘आग्फा क्लिक थ्री’. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने तो बनविला, आणि आपल्यापैकी पुष्कळजणींच्या बारशाचे, मुंजीचे फोटो अशाच डब्याने काढलेले असतील. त्यात एकशेवीस नंबरची फिल्म बसते व सहा सेंटिमीटर चौरस असे बारा फोटो निघतात. ऊन आहे की ढगाळ आहे, एवढेच त्याला सांगायचे आणि खटका दाबायचा. ही फिल्म आजही मिळते; मात्र आपल्या देशातली नव्हे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात १९६७ पासून ‘इंदू’ नावाची फिल्म निघत असे. तो कारखाना आता बंद पडला आहे. तेव्हा परदेशी रोल टपालाने मागवायचा आणि त्याला शेकड्यांनी रुपये मोजायचे. काही रोल तर हजाराला भिडतात. घरातून बोलणी बसतात, ती निराळी.

पण या महागाईचा एक गुण आहे. बाराच फोटो आहेत म्हटल्यावर हात आवरतो. बाई आधी पाहते. ऊन कोठून येते, तोंडावर पदराची सावली पडते का, मागे वाळत घातलेले धुणे तर दिसत नाही ना, हे सारे पाहून मग खटका दाबते. शंभर वेगाची फिल्म असेल, कॅमेऱ्याला आकडे असतील आणि लख्ख ऊन असेल, तर छिद्र सोळावर ठेवावे व वेग सेकंदाचा सव्वाशेवा भाग ठेवावा, असा एक जुना ठोकताळा आहे. अकोल्यात आठ महिने तो डोळे मिटून चालतो. उन्हाची आपल्याकडे ददात नाही!

खरी गंमत, आणि खरा वैतागही, फिल्म धुण्यात आहे. गावात काळा-पांढरा रोल धुऊन देणारे कोणी मिळेना, म्हणून आम्ही एकदा एक रोल बाहेरगावी पाठविला. तो तीन आठवडे कोठे होता हे त्या दुकानदारालाही सांगता येईना. तेव्हापासून आम्ही घरीच धुतो. पूर्ण अंधारात, हाताच्या चाचपणीने, फिल्म एका चक्रीत सरकवावी लागते. रात्री कोठीची खोली बंद करून, दाराच्या फटीला गोधडी लावून हे काम करता येते. ज्या हातांना न पाहता वाती वळण्याची सवय आहे, त्यांना ते लवकर साधते. चक्री डब्यात गेली व झाकण लागले, की दिवा लावायला हरकत नाही. मग डेव्हलपर, मग पाणी, मग हायपो, मग पुष्कळसे पाणी.

पुस्तकांतून हे सारे वीस अंशांच्या पाण्याचे धरून लिहिलेले असते. पुस्तक लिहिणाऱ्याने अकोल्याचा मे महिना पाहिलेला नसतो! बाहेर पारा पंचेचाळिसाच्या पुढे, गच्चीवरच्या टाकीतले पाणी हात भाजेल असे. जी फिल्म वीस अंशांना साडेसात मिनिटे घेते, ती तीस अंशांना निम्म्याहून कमी वेळात होते, आणि एवढ्या घाईत ती सारखी धुतली जात नाही. आकाशात डाग उमटतात. एका पाण्यातून एकदम दुसऱ्या, फार थंड पाण्यात टाकली, तर जुन्या फिल्मचा थर सुरकुतून तडकतो. यावर आमचा उपाय म्हणजे माठ. रात्रभर माठात निवलेले पाणी घ्यायचे, आणि डेव्हलपरचे भांडे बर्फाच्या परातीत ठेवायचे. बर्फ भांड्यात टाकायचा नाही, नाहीतर औषध पातळ होते. तरीही चैत्र-वैशाखात आम्ही हे काम शक्यतो बंदच ठेवतो.

दुसरी आपल्या मुलखाची देणगी म्हणजे पाणी. नळाला काटेपूर्णा धरणाचे पाणी येते, त्याने काम भागते. पण नळाचा दिवस नसला की बोअर आले, आणि खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचे पाणी कसे असते हे मी आपल्याला काय सांगावे? भांड्यांवर बसतो तो पांढरा थर फिल्मवरही बसतो, आणि नेमका कोणाच्या तरी गालावर बसतो. म्हणून शेवटचे विसळणे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्याने करावे. वाळत घालताना कूलर बंद ठेवावा, कारण कापसाच्या या गावात हवेत तंतू फार.

औषधे मिळाली नाहीत तर? १९९५ साली अमेरिकेत रॉचेस्टर येथे एका प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन कॉफीने फिल्म धुऊन दाखविली. आज त्याची जी कृती रूढ आहे, ती अशी : एक लिटर पाण्यात धुण्याचा सोडा चौपन्न ग्रॅम, क जीवनसत्त्वाची पूड सोळा ग्रॅम व विरघळणारी कॉफी चाळीस ग्रॅम, आणि वीस अंशांना पंधरा मिनिटे. सोडा खाण्याचा नव्हे, हे ध्यानात ठेवावे. आणि तो खड्यांचा असेल तर टाकाऊ कढईत तापवून, पाणी उडवून मग तोलावा. हायपो मात्र लागतोच. वासाविषयी विचारू नका. ही भांडी पुन्हा स्वयंपाकघरात येता कामा नयेत.

हे ऐकून कोणी म्हणेल, की बायकांनी हे कशाला करावे? तर भगिनींनो, अंधारात फिल्म हाताळणे महाराष्ट्रातल्या बाईला नवे नाही. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली लागला. त्या वेळी कोरी फिल्म येई तिला कडेची भोके नसत. ती भोके रात्री अंधारात बसून पाडीत असत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. रसायने कालविणे, फिल्म धुणे त्या शिकल्या. उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडीत. आणि साठसत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. फाळक्यांना सारा देश ओळखतो. सरस्वतीबाईंचे नाव किती घरांत घेतले जाते?

होमाई व्यारावाला यांचेही तसेच. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या बाई आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. पण त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून येत ते पती माणेकशा यांच्या नावाने. १९७० साली त्यांनी कॅमेरा ठेवून दिला, आणि पद्मविभूषण मिळाले ते २०११ साली, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षाच्या सुमारास.

आता ज्यासाठी मी आज उभी राहिले, ते सांगते. आपल्या पेठेतली जुनी घरे पाडून तेथे फ्लॅट उठत आहेत. घर पाडायला काढले की पहिल्याने माळा रिकामा होतो, आणि त्यात निगेटिव्हची पाकिटे असतात. छापील फोटो लोक ठेवतात. निगेटिव्ह ‘काळ्या काचा’ म्हणून कचऱ्यात जातात. वस्तुतः फोटो हे पीक आणि निगेटिव्ह हे बियाणे. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१ चा. त्याची एकही प्रत आज उरलेली नाही. जुन्या फिल्म त्यातल्या चांदीसाठी विकल्या जात, हेही आपण ऐकले असेल.

गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीला अशाच एका घरून सहा चौकोनी निगेटिव्ह मिळाल्या. त्या घरच्या आजींचा, म्हणजे तेथल्या लेकीच्या आईचा, हार घातलेला जो फोटो भिंतीवर होता, तो लग्नातल्या समूहचित्रातून मोठा केलेला, नाकडोळे धूसर. या सहांपैकी एकीत त्याच बाई निघाल्या : आंगणात पाट्यापाशी बसलेल्या, उन्हासाठी हात कपाळावर धरलेला आणि तोंडभर हसत असलेल्या. कोणी काढला, कोणासाठी हसल्या, ते सांगणारे आता कोणी नाही. लेक आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. फोटो तिच्या हाती दिला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “माही माय हासे, हे मले आठवतच नोतं.”

तेव्हा आपल्याला विनंती अशी, की माळा झाडण्यापूर्वी ती पाकिटे बाजूला काढा. निगेटिव्ह कडेने धरावी, मधे बोट लावू नये, पुसू तर मुळीच नये. प्लास्टिकच्या पिशवीतून काढून साध्या कागदाच्या पाकिटात घालावी व घरातल्या सर्वांत थंड खोलीत, खालच्या कप्प्यात ठेवावी, पत्र्याखाली नको. पाकीट उघडताच व्हिनेगरचा आंबट वास आला, तर ती फिल्म कुजू लागली आहे असे समजावे आणि तिची प्रत आधी काढून घ्यावी. तेवढ्यापुरता मोबाईल कामाला येतो : दुसऱ्या पडद्यावर पांढरा उजेड करून त्याच्यावर, किंचित उंच, निगेटिव्ह धरायची आणि फोटो घेऊन रंग उलटे करायचे.

ज्यांना हे जमणार नाही त्यांनी आम्हा चौघीपाचजणींपैकी कोणाकडेही रविवारी दुपारी यावे. पाकिटावर घरातल्या माणसांची नावे, आठवतील तेवढी, लिहून आणावी. विशेषतः बायकांची, कारण ती आधी विसरली जातात. धुण्याचे काम वैशाखात बंद असते, पाहण्याचे नाही.