लग्नाचे वस्त्र कोणाचे?



जळगाव-धुळ्याकडे भर उन्हाळ्यात लग्ने निघतात. पारा ४२ अंशांच्या वर, आणि मांडवात नवरी भरजरी शालूत घामाने निथळत उभी! अशा वेळी एखादी मुलगी म्हणाली की, 'मी सुती साडीच नेसेन,' तर घरात केवढा गहजब होतो! 'लोक म्हणतील, बापाला ऐपत नव्हती.' मुलीच्या आवडीआड बापाची अब्रू येऊन उभी राहते, आणि ती राखण्यासाठी पुढच्या कापसाच्या भरवशावर कर्ज निघते.

परंतु ज्या रूढीचा आपण कैवार घेतो, ती तरी किती जुनी? लग्न लागताना नेसायची पिवळी अष्टपुत्री साधी सुतीच असे. पुष्कळ घरांत ती मामाकडून येई. नऊवारीच्या जागी सहावारी आली, तेव्हा तिलाही नाके मुरडली गेलीच. आज तीच परंपरा ठरली आहे.

डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. पुढे २६ मार्च १९४२ रोजी अलाहाबादेस त्यांच्या कन्येचा, इंदिरेचा विवाह झाला, तेव्हा तिने गुलाबी खादीची साडी नेसली होती. तिचे सूत वडिलांनी तुरुंगात कातलेले होते. हीच साडी १९६८ साली सून सोनिया आणि १९९७ साली नात प्रियांका यांनी आपापल्या लग्नात नेसली. त्या घराला शालू परवडत नव्हता, असे कोण म्हणेल? त्या साडीचे मोल बापाच्या हातच्या सुतात होते.

आपल्या घरी चरखा नसेल. पण आईचा किंवा आजीचा विरलेला शालू पेटीत असतोच. त्याचे धड राहिलेले काठ नव्या सुती साडीला लावावेत. मात्र नवी साडी आधी धुऊन घ्यावी. नाही तर पुढे ती आटते आणि काठाला चुण्या पडतात. जुने रेशीम कुजलेले असते, म्हणून खाली मलमलीची पट्टी द्यावी. पदराच्या कोपऱ्यात आईचे नाव आणि लग्नाची तारीख मावशीकडून वा मैत्रिणीकडून भरून घ्यावी. मुलीला घागरा हवा असेल, तर त्यालाही हा काठ शोभेल. एवढेच पाहावे की, तिला त्यात मांडी घालून बसता यावे आणि लग्नानंतरही ते वस्त्र अंगाला लागावे.

आमची विनंती आईबापांना आहे. दुकानाच्या गादीवर साड्यांचा ढीग पडण्यापूर्वी घरी मुलीला एकदा विचारा, 'बाई, तुला काय नेसायचे आहे?' मांडवात कोणी साडीची किंमत विचारली, तर तिला हसून सांगता यावे, 'हा काठ माझ्या आजीचा आहे.' अशा घराच्या अब्रूला सावकाराची साक्ष लागत नाही.